भाऊ सरदार, भाऊ बिशप

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्या झगड्यावर जो प्रदीर्घ लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात फ्रँक, गॉथ आणि बव्हेरियन लोकांसाठी जवळजवळ अख्खे पान राखले जाते ही गोष्टच मुळात कौतुकाची आहे, आणि लेखाचा उत्तरार्ध, म्हणजे जर्मन राजा (पुढे सम्राट) चौथा हेन्री आणि पोप सातवा ग्रेगरी यांच्यात बिशपांच्या नेमणुकीवरून पेटलेला वाद आणि १०७७ च्या हिवाळ्यात कानोसाच्या गढीबाहेर हेन्रीला करावी लागलेली विनवणी, हा भाग मला उत्तम वठलेला वाटला. माझी हरकत पूर्वार्धाला आहे. लेखकमहाशयांनी हाच अकराव्या शतकातील झगडा उचलून तो थेट सहाव्या, सातव्या आणि आठव्या शतकांवर बसवला आहे. त्यांच्या मांडणीत एका बाजूला तलवारीच्या जोरावर जगणारे जर्मन सरदार उभे राहतात, दुसऱ्या बाजूला क्रूसाच्या धाकाने त्यांच्या जमिनी गिळंकृत करणारे बिशप उभे राहतात, आणि मधल्या चारशे वर्षांचा सगळा इतिहास म्हणजे या दोन छावण्यांची रस्सीखेच ठरते. त्या काळाचे जे कागद आणि ज्या बखरवजा कथा आज उपलब्ध आहेत, त्या वाचल्यावर या दोन छावण्या काही केल्या सापडत नाहीत. सापडतात ती घराणी, आणि बहुतेक वेळा एकाच घराण्यातला एक भाऊ सरदार असतो आणि दुसरा बिशप.

मी व्यवसायाने इतिहासकार नाही. निवृत्तीनंतर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलो, वतनाचे कागद वाचण्याची गोडी लागली, आणि त्याच ओघात, दान आणि जमीन यांचा व्यवहार इतरत्र कसा चालत होता या कुतूहलापोटी, टूर या शहराचा सहाव्या शतकातील बिशप ग्रेगरी (वरचा पोप नव्हे) याने लिहिलेला फ्रँकांचा इतिहास भाषांतरातून वाचून काढला. तेवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहीत आहे.

लेखाचा मुख्य आधार फ्रँकांचा राजा चिल्पेरिक याची एक तक्रार हा आहे. आपला खजिना रिकामा झाला, आपली संपत्ती चर्चकडे गेली, राज्य आता बिशपच करतात, आपला मान जाऊन तो नगरोनगरीच्या बिशपांकडे गेला, अशा अर्थाचे हे उद्गार खरेच नोंदलेले आहेत. पण ते नोंदले कोणी, हे लेखात येत नाही. ते नोंदले टूरचा बिशप ग्रेगरी याने, चिल्पेरिकचा ५८४ मध्ये खून झाल्यानंतर लिहिलेल्या मृत्युलेखात, आणि त्याच मृत्युलेखात त्याने या राजाला आपल्या काळातला नीरो आणि हेरॉड म्हटले आहे. चर्चच्या नावे केलेली मृत्युपत्रे हा राजा रद्द करत असे, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे साक्षीदार फिर्यादी पक्षाचा आहे. एखाद्या कारभाऱ्याने आपल्या वैऱ्याच्या तोंडी घातलेले वाक्य आपण बखरीत जितक्या सावधपणे वाचतो, तितक्याच सावधपणे हे वाचायला हवे होते. तरीही त्यातला आशय मी फेटाळत नाही, कारण नगरातला खरा धनी बिशप असतो ही गोष्ट त्या काळच्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, खरीच होती. ५८९ मध्ये राजाचे कर आकारणारे अधिकारी टूरमध्ये आले तेव्हा ग्रेगरीने संत मार्टिनच्या समाधीचे माहात्म्य आणि आधीच्या राजांनी दिलेली माफी त्यांच्यापुढे ठेवली, आणि काही दिवसांतच शहराला कर लावू नये असे राजाचे पत्र आले. एवढी ताकद असलेला माणूस कोण होता, हा प्रश्न मात्र लेखात विचारलाच गेलेला नाही.

हा ग्रेगरी क्लेर्माँ येथील जुन्या रोमन सिनेटरी घराण्यातला. ५७३ मध्ये तो टूरचा बिशप झाला तेव्हा स्थानिक लोकांच्या लेखी तो उपरा होता. रिकुल्फ नावाच्या धर्माधिकाऱ्याला ते पद स्वतःसाठी हवे होते. ग्रेगरीवर राणीची बदनामी केल्याचा आळ आला आणि ५८० मध्ये त्याला राजापुढे चौकशीला जावे लागले, तेव्हा हा रिकुल्फ जणू आपणच बिशप झालो अशा थाटात बिशपाच्या वाड्यात शिरला, चर्चच्या चांदीच्या भांड्यांची यादी केली, वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना मळे आणि कुरणे वाटली, आणि कनिष्ठांना काठीने चोपले. ओव्हेर्न्यची, म्हणजे ग्रेगरीच्या क्लेर्माँकडची, माणसे टूरमधून आपण झाडून काढली अशी फुशारकीही त्याने मारली. यावर ग्रेगरीचे उत्तर वाचण्यासारखे आहे. तो आपल्या धर्मज्ञानाचा किंवा शुद्ध आचरणाचा दाखला देत नाही. तो म्हणतो, या बिचाऱ्याला हे ठाऊक नाही की पाच जण सोडले तर टूरचे आजवरचे सगळे बिशप आमच्याच कुळाशी नाते असलेले होते. ग्रेगरीच्या आधी त्या गादीवर अठरा जण होऊन गेले होते. आपल्याकडे पाटीलकीच्या किंवा देशमुखीच्या तंट्यात वादी जसा पिढ्या मोजून दाखवतो, तसा हा युक्तिवाद आहे.

याच प्रकरणात लेउडास्ट नावाचा माणूस येतो, आणि लेखकमहाशयांनी ज्याला 'सरदार' म्हणून बिशपाच्या विरुद्ध उभा केला आहे तो हाच. लेउडास्ट टूरचा काउंट होता, म्हणजे राजाने नेमलेला शहराचा अधिकारी. चिलखत, शिरस्त्राण, भाला आणि बाणांचा भाता अशा जय्यत तयारीने तो बिशपाच्या घरात येत असे, कारण त्याचा कोणावरच विश्वास नव्हता, असे ग्रेगरी सांगतो. चित्र मोठे झकास आहे आणि लेखात ते वापरण्याचा मोह होणे मी समजू शकतो. परंतु लेउडास्ट जन्माने सरदार मुळीच नव्हता. तो पोआतूच्या एका बेटावर द्राक्षमळ्यात राबणाऱ्या गुलामाचा मुलगा. लहानपणी त्याला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात लावले, चुलीच्या धुराने त्याचे डोळे चुरचुरू लागले म्हणून भटारखान्यात हलवले, तो दोन-तीनदा पळाला, आणि शेवटी पळपुट्याची खूण म्हणून त्याचा एक कान चिरण्यात आला. पुढे एका राणीची मर्जी संपादून तो तबेल्याचा प्रमुख झाला आणि तिथून काउंट. या हकिगतीत राजवाड्याच्या कृपेवर वर चढलेला माणूस लेउडास्ट आहे, आणि खानदानी उमराव बिशप ग्रेगरी आहे. लेखातील भूमिका नेमक्या उलट्या झाल्या आहेत!

याच्याहून बोलके उदाहरण काओर या दक्षिणेकडील शहराचे आहे, आणि ते लेखात नसावे याचे मला नवल वाटले. सातव्या शतकाच्या आरंभी त्या भागातल्या एका घरात तीन भाऊ होते. सायाग्रियस आल्बीचा काउंट झाला आणि पुढे मार्सेयचा कारभार त्याच्याकडे आला. रुस्टिकस काओरचा बिशप झाला. तिसरा डेसिडेरियस, हा राजा डागोबेर याच्या दरबारी खजिनदार होता. रुस्टिकसचा त्याच्याच शहरातल्या लोकांनी खून केला, आणि ६३० मध्ये राजाने डेसिडेरियसलाच भावाच्या जागी बिशप नेमले. खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस बिशपाच्या आसनावर बसला, आणि यात कोणाला काही विपरीत वाटल्याचे दिसत नाही. त्यांच्या आईची, हर्खेनेफ्रेडाची, काही पत्रे त्याच्या चरित्रात टिकून राहिली आहेत. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका आईची मुलाला लिहिलेली पत्रे आज वाचायला मिळावीत हीच गोष्ट दुर्मीळ. पुढे बिशप डेसिडेरियसने क्लेर्माँच्या बिशपाला लिहिलेले एक पत्रही उपलब्ध आहे, आणि त्यात ना धर्मशास्त्राचा खल आहे ना राजावर टीका. शहरात पाणी आणण्यासाठी लाकडी नळ जमिनीखालून टाकायचे आहेत, हे काम जाणणारे कारागीर तुमच्याकडे आहेत असे ऐकतो, तरी ते पाठवावेत, एवढीच विनंती आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात आणलेल्या पाण्याची कहाणी ऐकत वाढलेल्या पुणेकराला या पत्रातला कारभारी चटकन ओळखू येईल. धर्मसत्ता या एका शब्दात हा माणूस मावत नाही.

ज्यांना गॉलमधील ही मंडळी रोमन वळणाची वाटतील, आणि तशी ती होतीच, त्यांनी ईशान्येकडे, ऱ्हाईन नदीच्या दिशेने पाहावे. सातव्या शतकापासून बिशपांच्या याद्यांत जर्मन नावे वाढू लागतात. ६१४ च्या सुमारास मेट्झचा बिशप झालेला आर्नुल्फ हा त्याआधी दरबारातला बडा अधिकारी आणि दोन मुलांचा बाप होता. एक मुलगा पुढे त्याच गादीवर बिशप झाला, आणि दुसऱ्याचे लग्न पिपिन घराण्यातील बेगा हिच्याशी झाले. आठव्या शतकाच्या अखेरीस मेट्झच्या बिशपांचा इतिहास लिहिणारा पॉल द डीकन शार्लमेनची वंशावळ याच आर्नुल्फपासून सुरू करतो. ज्या सम्राटाला लेखकमहाशय 'चर्चला वेसण घालणारा' म्हणतात, त्याचे घराणे आपला मूळपुरुष म्हणून एका बिशपाचे नाव अभिमानाने सांगत होते.

बव्हेरियाचा आठव्या शतकातील कायदा तर या बाबतीत फारच रोखठोक आहे. त्यात ड्यूकच्या आगिलोल्फिंग घराण्याखालोखाल हुओसी, फागाना अशी पाच घराणी नावानिशी दिली आहेत आणि त्यांच्या माणसाला इजा झाल्यास इतरांच्या दुप्पट भरपाई ठरवली आहे. त्याच कायद्यात बिशपाचा वध करणाऱ्याची शिक्षा अशी आहे की, मेलेल्या बिशपाच्या अंगाच्या मापाचा शिशाचा अंगरखा तयार करावा आणि त्याचे जेवढे वजन भरेल तेवढे सोने मारेकऱ्याने द्यावे. सोने नसेल तर गुलाम, जमीन, गावे, जे असेल ते द्यावे. तेही पुरे पडले नाही तर त्याने स्वतः बायकामुलांसह त्या चर्चची गुलामी पत्करावी, ऋण फिटेपर्यंत. शिशाचा अंगरखा प्रत्यक्ष कोणी ओतला होता की नाही, हा भाग वेगळा. पण खुनाचा बदला रक्ताऐवजी भरपाईत मोजणाऱ्या जर्मन समाजाने आपल्याच मापपट्टीवर बिशपाची किंमत मोजली, आणि ती सर्वात वरच्या पायरीवर ठेवली, हे त्यातून स्वच्छ दिसते.

आता जमिनीचा मुद्दा, ज्यावर लेखकमहाशयांचा सर्वाधिक रोख आहे. सरदारांनी नरकाच्या भीतीने जमिनी चर्चला दिल्या आणि ते कंगाल झाले, असे ते लिहितात. म्युनिकजवळच्या फ्रायसिंग येथील बिशप हिट्टो याने नवव्या शतकात कोझ्रोह नावाच्या धर्माधिकाऱ्याकडून आपल्या चर्चची सगळी दानपत्रे एका जाड पोथीत उतरवून घेतली. दात्यांची आठवण राहावी आणि मूळ पत्रे चोरीला जाऊ नयेत, असा हेतू कोझ्रोहने प्रस्तावनेत सांगितला आहे. पोथी आजही म्युनिकच्या दप्तरखान्यात आहे. त्यातील कित्येक दानपत्रांची रचना अशी, की अमुक सरदार आपली जमीन चर्चला अर्पण करतो, पण तो जिवंत आहे तोवर तीच जमीन चर्चकडून उपभोगासाठी परत घेतो, आणि त्याच्यामागे धर्माधिकारी असलेला त्याचा मुलगा किंवा पुतण्या ती तशीच वापरील अशी तजवीज करतो. मग पुढे बिशप कोण होतो, तेही पाहावे. हिट्टोनंतर फ्रायसिंगचा बिशप झाला एर्खानबेर्ट, आणि तो हिट्टोचाच भाचा. जमीन घराबाहेर गेली असे म्हणावे, तर ती उंबऱ्यापर्यंत तरी गेली होती का, याचा विचार करावा लागतो. देवस्थानाला इनाम दिले आणि त्याची वहिवाट पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहिली, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

या दानपत्रांतील एक बारकावा मला विशेष भावला. बव्हेरियात साक्षीदाराची नोंद करताना 'कान ओढलेले साक्षीदार' असे लिहीत. व्यवहाराच्या वेळी साक्षीदाराचा कान खरोखरच ओढायचा, म्हणजे पुढे कधी तंटा उभा राहिला तर त्याला प्रसंग आठवावा. माझ्या आजोळी एक महजर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याचा जुना कागद, आहे, तळाशी कुणब्याच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे किकरे, अशा निशाण्या काढलेल्या आहेत, आणि तो कागद दिव्याजवळ धरला की शाईने जरा जास्तच जोर लावलेली नांगराची रेघ दिसते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून स्मरण वदवून घेण्याची सोय, तिकडे कानातून आणि इकडे अवजारातून! कान ओढले जाणारे हे साक्षीदार बहुधा त्याच पंचक्रोशीतील, दात्याचे आणि बिशपाचेही सोयरे असत, हे ओघाने आलेच.

बिशप आणि सरदार यांची मनोवृत्तीही वेगळी नव्हती. माइन्झचा बिशप गेरोल्ड सॅक्सन लोकांविरुद्धच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याचा मुलगा गेव्हिलिब त्या गादीवर आला. मागाहून लिहिलेल्या एका चरित्रात असे आहे की, पुढच्या मोहिमेत या मुलाने बापाच्या मारेकऱ्याला बोलणी करण्याच्या मिषाने वेझर नदीच्या पात्रात बोलावले आणि तिथेच तलवार चालवली. सैनिकांना यात वावगे काही दिसले नाही, कारण बापाचा सूड घेणे हे मुलाचे कर्तव्यच. वावगे दिसले ते इंग्लंडहून आलेल्या धर्मप्रचारक बोनिफेसला. ७४५ मध्ये गेव्हिलिबला पदच्युत करण्यात आले. याच बोनिफेसने काही वर्षांपूर्वी पोपला कळवले होते की फ्रँकांच्या राज्यात ऐंशीहून अधिक वर्षे बिशपांची सभाच भरलेली नाही, आणि त्याच्या पुढाकाराने भरलेल्या सभेने धर्माधिकाऱ्यांना शस्त्र धरण्यास, शिकारीला जाण्यास आणि ससाणे पाळण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, यातच सारे आले.

धर्मसत्ता राजाला नमवते याचा पुरावा म्हणून लेखात ८३३ चा प्रसंग येतो. मुलांनी बंड करून सम्राट लुईला, म्हणजे शार्लमेनच्या मुलाला, पकडले आणि बिशपांनी त्याला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले, हे खरे. रँसचा बिशप एबो त्यात अग्रभागी होता. पण एबो कोण? राजाच्या जमिनीवरील गुलामाचा मुलगा, लुईचा दूधभाऊ, ज्याला आधी मुक्त केले आणि मग बिशप केले. आणि त्याच्यावर सर्वात जहरी टीका कोणी केली? एखाद्या सरदाराने नव्हे, तर थेगान या ट्रियरच्या धर्माधिकाऱ्याने, जो स्वतः उच्चकुलीन फ्रँक होता. तो एबोला उद्देशून लिहितो की, राजाने तुला मुक्त केले पण कुलीन केले नाही, कारण ते कोणालाच शक्य नाही; त्याने तुला जांभळी वस्त्रे दिली आणि तू त्याच्या अंगावर गोणपाट घातलेस. थेगानची आणखी एक तक्रार आहे. हलक्या कुळातला माणूस बिशप झाला की तो आपल्या नातलगांना गुलामीतून सोडवतो, काहींना शिकवतो, काहींची लग्ने खानदानी घराण्यांत लावून देतो. म्हणजे खानदानी बिशप जे शतकानुशतके करत आले, तेच गुलामाच्या मुलाने केले की तो अधर्म ठरतो. राजसत्ता विरुद्ध धर्मसत्ता ही चौकट लावून या प्रसंगातला खरा विखार हाताला लागत नाही.

बिशप आणि राजे यांच्यात कधी खटके उडालेच नाहीत, असे मला म्हणायचे नाही. रुआँचा बिशप प्रेटेक्स्टाटस ५८६ मध्ये भर चर्चमध्ये भोसकला गेला आणि ग्रेगरीने त्याबद्दल राणी फ्रेडेगुंडकडे बोट दाखवले आहे. पण त्याच्यावर आधी झालेला खटला राजपुत्राला चिथावल्याचा आणि राजपुत्राचे लग्न लावून दिल्याचा होता, म्हणजे राजघराण्याच्या अंतर्गत भाऊबंदकीत एका बाजूला उभे राहिल्याचा. नेमणुकीचा अधिकारही त्या काळी फारसा वादाचा नव्हता. ५४९ च्या ऑर्लेआँ येथील सभेने राजाची संमती नियमातच घातली होती, आणि ६१४ च्या राजाज्ञेत राजवाड्यातून निवडलेला माणूसही बिशप होऊ शकतो, फक्त त्याची पात्रता आणि विद्वत्ता पाहावी, असे नमूद आहे. या घडीवर आक्षेप घेणारी माणसे अकराव्या शतकात पुढे आली, तेव्हा त्यांना काहीतरी नवे म्हणायचे होते.

शब्दांबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. लेखात या सर्व उमरावांना सरसकट 'सरंजामदार' म्हटले आहे. सरंजाम म्हणजे चाकरीसाठी, फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला मुलूख, जो धनी काढून घेऊ शकतो. ग्रेगरीच्या किंवा हिट्टोच्या घराण्याचे बळ वडिलोपार्जित जमिनीत आणि सोयरिकीत होते, तेव्हा आपल्याकडचा जवळचा शब्द शोधायचाच तर तो वतनदार हा आहे. अर्थात तोही तंतोतंत बसत नाही, कारण बिशपाचे पद कायद्याने वारसाहक्काचे नव्हते आणि दर वेळी नवी नेमणूक व्हावीच लागे. तरी 'सरंजामदार' या शब्दाने होणारी दिशाभूल त्याने टळेल. लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी येणार असल्याचे आपण छापले आहे, त्यापूर्वी लेखकमहाशयांपर्यंत हे पोहोचवावे ही विनंती.

जाता जाता लेखासोबतच्या चित्राविषयी. ग्रेगरी म्हणून छापलेल्या बिशपाच्या हातातील काठी चालेल, कारण ६३३ च्या टोलेडोच्या सभेत बिशपाच्या खुणांमध्ये काठीचा उल्लेख आहे आणि चाळीस-पन्नास वर्षांचा फरक सोडून देता येईल. परंतु डोक्यावरील उंच, दोन टोकांची टोपी ही त्याच्यानंतर पाच-सहा शतकांनी प्रचारात आली. ग्रेगरीच्या टूरमध्ये डोक्यावर काही ठळक घालून बिशपाच्या घरात वावरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे शिरस्त्राण घातलेला, चिरलेल्या कानाचा लेउडास्ट.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सदाशिव पेठ, पुणे ३०